पुरुषांच्या पटावर रोहिणी खाडिलकर

स्पर्धेतील बुद्धिबळाचा डाव घरच्या डावापेक्षा वेगळा असतो. हात लावलेले मोहरे चालावेच लागते, प्रत्येक चाल स्वहस्ते लिहावी लागते आणि घड्याळ कोणाचीही गय करीत नाही. अंगबळाला मात्र या खेळात काहीच वाव नाही. तरीही पुरुष व महिला यांच्या स्पर्धा वेगळ्या भरविल्या जात, आणि या विभागणीलाच १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या १३ वर्षांच्या मुलीने धक्का दिला.

रोहिणी या नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यातील. त्यांचे वडील नीळकंठ खाडिलकर हे ‘नवाकाळ’चे संपादक. थोरल्या भगिनी वासंती यांनी १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. दुसऱ्या भगिनी जयश्रीही त्याच तोडीच्या. पहिल्या दशकातील राष्ट्रीय अजिंक्यपदे या तिघींच्याच घरात राहिली.

१९७६ मध्ये रोहिणी महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या सहभागावरून मोठे वादळ उठले व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी महिलांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

हा निर्वाळा युवे यांच्याकडून यावा, हा योग मोठा मौजेचा. गणिताचे शिक्षक असलेले युवे पेशाने नव्हे, तर हौसेने खेळणारे. तरीही १९३५ ते १९३७ या काळात ते जगज्जेते होते. त्यापूर्वी हेस्टिंग्जच्या स्पर्धांत त्यांना महिला जगज्जेत्या व्हेरा मेन्चिक यांनी दोनदा हरविले होते. महिलेसमोर पट मांडून बसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

न्यायालयात मिळालेली संधी पटावर सिद्ध करावी लागते, आणि रोहिणी यांनी ती केली. त्या स्पर्धेत त्यांनी तीन राज्यविजेत्या पुरुष खेळाडूंना पराभूत केले. समोरचे प्रौढ, अनुभवी आणि आपापल्या राज्यात अव्वल. या तीन डावांचे मोल गुणतक्त्यातील तीन गुणांहून निश्चितच अधिक होते.

पुढे १९८१ मध्ये हैदराबाद येथे त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे हे अजिंक्यपद त्यांनी पुन्हा मिळविले.