शेवटचे पाच सेकंद

नगरचा किल्ला म्हटलं की आपल्याला नेहरू आठवतात, १९४२ आठवतं. पण युद्धकैदी ठेवण्यासाठी इंग्रजांनी नगर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरलं होतं. १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी इथे आणले. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी, असे बरेच लोक धरून नगरच्या छावणीत ठेवले. दुसऱ्या महायुद्धातही तेच. तिबेटात सात वर्षं राहिलेला हाइनरिश हारर १९३९ मध्ये नंगा पर्वताच्या मोहिमेहून परतताना कराचीत पकडला गेला, तोही आधी नगरलाच आला होता.

या लोकांनी घरी पत्रं लिहिली. त्यावर सेन्सॉरचा शिक्का बसायचा, आणि कार्ड महिनोन्‌महिने प्रवास करून जर्मनीतल्या कुठल्यातरी गावी पोचायचं. आता त्यांची नातवंडं-पतवंडं माळे आवरतात आणि ही कार्डं ऑनलाइन लिलावात विकायला काढतात. मी गेली काही वर्षं ती शोधतो. (गावाचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या शिक्क्याला ते कसं कळणार? शोधायचं जुन्याच नावाने. आणि स्पेलिंग चुकवून शोधायचं. जर्मन माणूस कानाला ऐकू येईल तसं नाव लिहितो, आणि चुकीच्या स्पेलिंगचं कार्ड बाकीच्यांना दिसत नाही. ही माझी एक गुप्त युक्ती होती, आता तुम्हाला कळली :-) )

हा छंद फार लोकांना नाही. जगात तीन-चार जण असतील, आणि त्यांची खरी नावं मला माहीत नाहीत. साईट फक्त एक-दोन अक्षरं आणि फुल्या दाखवते. पण सवयी मात्र मी ओळखतो. लिलाव सात दिवसांचा असतो. सहा दिवस कुणी फिरकत नाही. सातव्या दिवशी, जर्मनीतली रविवारची रात्र, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. एक मिनिट राहिलं तरी सामसूम. आणि मग शेवटच्या पाच सेकंदांत दोन-तीन बोल्या एकदम येऊन पडतात आणि खेळ खलास. याला स्नायपिंग म्हणतात. दबा धरून बसायचं आणि एकच गोळी झाडायची. त्यासाठी जागं राहायचीही गरज नाही, अशी सॉफ्टवेअर्स मिळतात, ती आपल्या वतीने अगदी शेवटच्या क्षणी बोली टाकतात. शेवटच्या क्षणी बोली लावणं ई-बे नियमाविरुद्ध मानत नाही.

आता प्रश्न असा की हे करायचं कशासाठी? ई-बेवर बोली लावताना तुम्ही तुमचा कमाल आकडा सांगून ठेवता आणि तुमच्या वतीने सर्व्हर बोली चढवत नेतो. मी ३,००० सांगितले आणि दुसऱ्याचा आकडा २,००० असला, तर कार्ड मला ३,००० ला पडत नाही. दुसऱ्याच्या आकड्याच्या एक पायरी वर, समजा २,०५० ला पडतं. म्हणजे खरा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला तरी नुकसान काहीच नाही. पुस्तकात तरी असंच आहे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे नीट सिद्ध करून दाखवलं: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातला खरा आकडा सांगणं हेच शहाणपणाचं. त्याला १९९६ चं नोबेल मिळालं आणि बातमी आल्यावर तीन दिवसांत तो वारला.

गंमत म्हणजे विक्रीच्या कितीतरी आधी हे टपाल तिकिटांवाल्यांना सापडलं होतं. १८९३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या दोन तिकीट-व्यापाऱ्यांनी टपालाने बोल्या मागवल्या होत्या, आणि जिंकणाऱ्याने दुसऱ्या बोलीच्या किंचित वरची रक्कम द्यायची असा नियम ठेवला होता. लांबच्या गिऱ्हाइकाला लिलावाला येता येत नाही, तरी हॉलमध्ये बसल्यासारखा न्याय मिळावा म्हणून. आज सर्व्हर जे करतो ते तेव्हा तो दुकानदार करायचा. (त्याने लखोटे फोडून दुसरी बोली मनानेच वाढवली तर? सर्व्हर निदान तेवढं करत नाही, असं आपण धरून चालू.)

मग पुस्तकात जे खरं ते साईटवर का चालत नाही? कारण माणूस एकदाच आकडा सांगून गप्प बसत नाही. माझा प्रतिस्पर्धी २,००० टाकतो, लगेच दिसतं की कुणीतरी वर आहे. त्याला राग येतो. २,२०० टाकतो. तरी वर. २,५००. मग २,९००. त्याला ते कार्ड आधी इतकं नको होतं, पण आता माझ्या नाकावर टिच्चून हवं असतं. कार्ड मला २,९५० ला पडतं. याउलट मी शेवटच्या पाच सेकंदांत तेच ३,००० टाकले, तर त्याला रागवायलाही वेळ मिळत नाही. २,०५० ला काम होतं. नऊशे वाचले!

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये यावर एक प्रसिद्ध पेपर लिहिला (रॉथला पुढे २०१२ चं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी). त्यांनी ई-बे आणि ॲमेझॉनचे लिलाव शेजारी शेजारी ठेवले. हो, ॲमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले होते. फरक एकच महत्त्वाचा होता. ई-बेवर घड्याळ ठरल्या वेळी थांबणार म्हणजे थांबणार. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव पुढे सरकायचा, दहा मिनिटं कुणीच बोललं नाही की मगच संपायचा. ई-बेवर स्नायपिंगचा सुकाळ आणि ॲमेझॉनवर ते फारच कमी. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: ई-बेवर कॉम्प्युटरपेक्षा जुन्या, दुर्मिळ वस्तूंच्या लिलावात शेवटच्या क्षणाच्या बोल्या जास्त. कारण उघड आहे. कॉम्प्युटरची किंमत सगळ्यांना माहीत असते. जुनी वस्तू खरी की खोटी, किती मोलाची, हे जाणकारालाच कळतं, आणि जाणकाराने आधी बोली लावली की बाकीच्यांना फुकट सल्ला मिळतो. मी पाच दिवस आधी एखाद्या कार्डावर बोली टाकली तर इतरांना कळतं की या शिक्क्यात काहीतरी आहे.

हे इंटरनेटने आणलं असं कुणाला वाटत असेल तर सतराव्या शतकातल्या लंडनला जाऊ. तिथे जहाजं मेणबत्तीवर विकायचे. इंचभर मेणबत्ती पेटवायची, ती विझायच्या आधी ज्याची बोली शेवटची त्याला माल. नौदलाच्या कचेरीत काम करणारा सॅम्युअल पेपिस याने नोव्हेंबर १६६० मध्ये असा एक लिलाव पाहिला आणि रोजनिशीत लिहून ठेवला: शेवटी सगळे एकदम ओरडतात, शेवटचं कोण ओरडलं ते ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. सप्टेंबर १६६२ मध्ये त्याला असा एक माणूस दिसला जो दर वेळी बरोबर शेवटी बोलायचा. पेपिसने विचारलं, कसं काय? तर तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली येतो, तो मी बघत असतो. माझ्या माहितीतला हा सगळ्यात जुना स्नायपर. त्याचं सॉफ्टवेअर म्हणजे धूर :-)

एका सुट्टीत हे सगळं मी घरी मोठ्या हौसेने दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील. राहुरी तालुक्यात आमची शेती आहे, कांदा असतो. त्यांनी मेणबत्तीपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग इकणाऱ्याचं काय रे?"

रॉथसाहेबांचा पेपर, माझी चुकलेली स्पेलिंगं, सॉफ्टवेअर, सगळा विचार घेणाऱ्याच्या बाजूचा. आमचं घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या विकणाऱ्याच्या बाजूला उभं आहे. मी वाचवलेले नऊशे रुपये आकाशातून पडलेले नसतात, जर्मनीतल्या कुठल्यातरी आजीबाईला ते कमी मिळालेले असतात. ती कार्ड टाकताना फोटो नीट काढते, माहिती लिहिते, सात दिवस वाट बघते. आणि आम्ही तीन-चार जण सात दिवस मुद्दाम तोंड बंद ठेवतो.

लिलाव हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्याकडे अरबीतून, जिथे त्याचा अर्थ जाहीर करणं. नगर, राहुरी, वांबोरी, घोडेगावच्या कांदा बाजारात अजून त्याच अर्थाने लिलाव चालतो. गोण्यांची थप्पी, म्हणजे वक्कल, लावलेली असते. एक-दोन गोण्या फोडून कांदा समोर ओततात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वक्कलावरून दुसऱ्यावर सरकतो, बोली चढत जाते, आणि पुढे कुणी बोलेना झालं की एक वार, दोन वार, तीन वार. इथे घड्याळ नाही. शेवटच्या क्षणी कुणी बोललं तर लिलाव आणखी पुढे चालतो. म्हणजे ॲमेझॉनचा १९९९ चा नियम, फक्त सर्व्हरशिवाय. याहूच्या लिलावात तर मुदत आपोआप वाढावी की नाही हे विकणाऱ्याला निवडता यायचं. दादांना ते फार पटलं.

पण आपल्याकडे किंमत लपवायची वेगळी रीत होती, आणि ती मला स्नायपिंगची सख्खी बहीण वाटते. तिला हत्ता म्हणतात. विकून देणारा आडत्या आणि घेणारा व्यापारी रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. माल शेतकऱ्याचा, तो शेजारी उभा, आणि त्याला फक्त रुमाल हललेला दिसतो. जनावरांच्या बाजारात दलालांचे उपरण्याखालचे सौदे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. वाशीच्या बाजारात हापूस आंब्याचे रुमालाखालचे व्यवहार तर अगदी अलीकडेपर्यंत बातम्यांमध्ये होते. शेजारच्या व्यापाऱ्याने किती दिले हे ना दुसऱ्या व्यापाऱ्याला कळतं, ना शेतकऱ्याला. स्नायपर वेळेच्या आड लपतो, हत्तेवाला कापडाच्या. दोन्हीकडे भाव कळतो तेव्हा कुणाला वर बोलता येत नाही.

बाजार नियमनाचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. वऱ्हाडातला कारंजा इथला कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा झाला, १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा. वजन, तोलाई, आडत, कपाती असं त्यात पुष्कळ आहे, पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती उघड लिलावाची. भाव मोठ्याने बोलायचा, मालकाच्या कानावर पडेल असा.

सरकार जेव्हा स्वतः विकणारं असतं तेव्हा मात्र ते फार हुशारीने वागतं. पेपरात बँकांच्या ई-लिलावाच्या जाहिराती येतात त्या बारीक अक्षरात वाचून बघा: प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह. म्हणजे स्नायपरचा दात आधीच काढलेला. २०१० मध्ये थ्री-जी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला तेव्हा तर नियम असा की सुरुवातीपासून बोली लावत राहिलात तरच पुढे बोलायचा हक्क शाबूत, नाहीतर तो कमी होत जाणार. दबा धरून बसायची सोयच नाही. तो लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला आणि सरकारला ६७,७१९ कोटी रुपये मिळाले.

अर्थात उघड लिलाव झाला म्हणून कांद्याला भाव मिळतोच असं नाही, हे नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. घोळक्यात पाच-सहाच मोठे व्यापारी असले आणि त्यांनी सकाळच्या चहावर आपसात ठरवलं असलं, तर मोठ्याने बोललेला भावही पडलेलाच असतो. त्याला मुदतवाढीचा नियम काही करू शकत नाही. शेतकऱ्याकडे एकच हत्यार उरतं, बोली नाकारून माल परत नेणं. जर्मनीतल्या आजीबाईंना ते सोपं आहे, त्या कार्ड पुढच्या महिन्यात पुन्हा टाकू शकतात, शंभर वर्षं टिकलेलं कार्ड आणखी महिनाभर टिकतं. उन्हाळ कांदा असेल तर आम्हीही चाळीत भरून काही महिने थांबतो. पण हिवाळ्यातला लाल कांदा चाळीत टिकत नाही. गाडीभाडं आणि हमाली भरून आणलेला लाल कांदा परत न्यायचा, पुन्हा आणायचा, तोवर निम्मा मऊ पडायचा. ते घोळक्यातल्या प्रत्येकाला गोणी फोडताक्षणी दिसत असतं.