टायरचं कूळ बैलगाडीचं

ऊसतोडीच्या हंगामात शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे मोटरसायकल काढली, की वाटेत ‘टायर’ भेटतात. तोडणीवाल्यांच्या बोलीत टायर म्हणजे रबरी चाकांची अख्खी बैलगाडी. या गाड्यांसाठी बनणाऱ्या टायरवर ‘एडीव्ही’ अशी अक्षरं असतात. आम्हा मोटरसायकलवाल्यांना ती अ‍ॅडव्हेंचरची वाटतात. टायर कारखान्यांच्या यादीत मात्र त्यांचा अर्थ ‘अ‍ॅनिमल ड्रॉन व्हेइकल’ असा आहे. हे कळलं आणि मी टायरच्या वंशावळीत शिरलो.

मोटरसायकलला टायर सायकलकडून मिळाला, असं सगळेच सांगतात. माझ्या मते सायकल हा वाटेतला एक मुक्काम, कूळ जनावराच्या गाडीचं.

1885 साली डाइमलर आणि मायबाख यांनी जर्मनीत पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. जगातली पहिली मोटरसायकल म्हणून तिचंच नाव घेतात. तिची चाकं लाकडाची, वर लोखंडी पट्टी. ही पट्टी म्हणजे आपली धाव! लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान बनवतो, तापवून फुगली की लाकडी घेरावर चढवतो आणि पाणी ओततो. आकसताना ती सगळे आरे आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली पडते, मग चाक पाण्यात भिजवत ठेवायचं. घट्टपणा वरचेवर राखावा लागतो, ही रीत हवेच्या टायरच्या आधीपासूनची आहे.

हवेचा टायर कोणाचा, यावर जुना तंटा आहे. प्रचलित गोष्ट जॉन बॉइड डनलप यांची: बेलफास्टमध्ये राहणाऱ्या या गृहस्थांनी 1888 साली मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली. पुढच्याच वर्षी सायकलपटू विली ह्यूम तसल्या टायरवर शर्यती जिंकला आणि धंदा उभा राहिला. पण 1890 मध्ये डनलप यांचं पेटंट टिकणार नाही असं निघालं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने तेच 1845 मध्ये नोंदवून ठेवलं होतं. थॉमसन यांची हवेची चाकं घोडागाडीची: आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, वर कातड्याचं आवरण. गाडी ओढायला जोर कमी लागावा, हा त्यांचा उघड हेतू. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्यांनी ती चालवून दाखवली. रबर महाग होतं म्हणून ती मागे पडली.

सायकलपक्ष म्हणेल, विसरलेल्या शोधाला कसलं कूळ? डनलप यांना थॉमसन माहीतच नव्हते. मान्य. पण डनलप यांचा व्यवसाय पाहा: ते जनावरांचे डॉक्टर होते! गाडीच्या ओढीने घोड्याचं काय होतं, हे त्यांच्याइतकं रोज कोण पाहत असेल? त्यांचा पहिला प्रयोगही ओढीचाच. हवेची नळी बसवलेली लाकडी चकती आणि सायकलचं चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडलं. हवेचं चाक दूरवर गेलं, दुसरं आधीच कलंडलं. माझा तर्क असा, की मुलाची सायकल हे निमित्त आणि प्रश्न घोड्याचा. पश्चिम उत्तर प्रदेशात रबरी चाकांच्या गाडीला आजही ‘डनलप’ म्हणतात, तेव्हा नाव योग्य जागी पोचलं म्हणायचं.

गुडइयर यांचं गंधक घालून पक्कं केलेलं रबर, मिशेलिनचा 1891 चा काढता-घालता येणारा टायर, पुढे काजळीने काळं नि टिकाऊ झालेलं रबर, हे टप्पे सर्वश्रुत आहेत. 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड अँड वोल्फम्युलरने हवेच्या टायरची मोटरसायकल विकायला काढली आणि धाव सुटली.

सायकलचं एक देणं मात्र नाकारता येत नाही. गाडीचं चाक उभंच चालतं, त्याला माथा सपाट असला तरी भागतं. दुचाकी वळणावर कलते, म्हणून तिचा टायर गोल. पुणे-नगर रस्त्यावर सरळच सरळ पळून मागचा टायर मधोमध चपटा होतो, मग चौफुल्याच्या वळणावर गाडी कलताना कडेशी अडखळते. हवा जास्त झाली तरी मधलीच पट्टी आधी झिजते, कमी पडली तर दोन्ही कडा.

बाकी सगळं ओढीचं गणित. वजन पेलते ती हवा, रबर नव्हे. म्हणून पल्सर 150 च्या मागच्या चाकात एकट्यासाठी 28 आणि डबलसीटला 32 पौंड सांगतात. हवा कमी असली की रबर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपतं, तापतं, आणि जोर त्यातच जातो. बैल दमतो तसं इथे पेट्रोल जळतं. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. दौंडच्या एप्रिलात पळून तापलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसेल, तो पाहून हवा सोडू नये. काळ्या रानात उलटं आहे. तिथे कमी हवेचा मऊ टायर पसरतो आणि कमी रुततो. नक्षीही रस्ता पाहून निवडावी: बांधावरून रोज ये-जा करणाऱ्याने बटण टायर घ्यावा. ज्याची गाडी डांबरावरच असते त्याने साध्या नक्षीचा घ्यावा, आणि नक्षी 0.8 मिलिमीटरवर आली की बदलावा. दुचाकीसाठी कायद्याची हद्द तेवढीच आहे, पण पाचटाने निसरड्या रस्त्यावर मी तिथवर थांबत नाही.