स्तुती आणि ठेव

ख्रिस्ती माणसाने आपले सारे आयुष्य उपासनेत व स्तुतीत घालवावे, असे त्याचा धर्म सांगतो. यावर एक शंका नेहमी निघते. परमेश्वर जर परिपूर्ण आहे, तर माणसाच्या तोंडच्या स्तुतीने त्याच्यात कोणती भर पडणार? आणि स्तुती करणाऱ्याच्या हाती तरी काय लागणार? या शंकेचे उत्तर आम्ही आज इतिहासाला विचारणार आहोत.

इ. स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांतावर प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, असा पेच पडून त्याने ट्राजन बादशहाला पत्र लिहिले. हा साक्षीदार काही त्यांचा मित्र नव्हे. खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने त्यांच्यातील दोन गुलाम सेविकांचा छळ केला होता. एवढे करून त्याला कळले ते असे: हे लोक ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी, वाटमारी, व्यभिचार करणार नाही, दिला शब्द मोडणार नाही आणि कुणी ठेव परत मागितली तर ती नाकारणार नाही.

पहाटेचे स्तोत्र कोठे आणि सावकारी व्यवहारातली ठेव कोठे! परंतु आमच्या मते दोहोंचा संबंध फार जवळचा आहे. स्तुती म्हणजे कबुली. हा प्राण, ही भाकर, हा उगवता दिवस आपल्या मालकीचा नसून कुणी आपल्यापाशी विश्वासाने ठेवला आहे, असे चारचौघांत मोठ्याने सांगणे. पहाटे ज्याने ही कबुली दिली, त्याला दुपारी शेजाऱ्याची ठेव गिळणे जड जाते. देवाला स्तुतीची गरज नसेल, माणसाला आहे.

मात्र अशी कबुली उसन्या वाणीने मनापासून देता येत नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांनी हे ओळखले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. ज्यांचे जुने पुराण सुटले होते, त्यांना नवे पुराण ओळखीच्या छंदात मिळाले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. तरीही पुराणाच्या हस्तलिखित नकला जपल्या गेल्या आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. तो हुकूम आता दप्तरात उरला आहे. ओव्या मात्र वाचल्या जातात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा परकी चाल व भाषांतरित गीत यांचा प्रघात उपासनेत मोठा होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या या कवीने अभंग व भजने रचली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती आजही गायिली जातात. आणि त्या घरातील स्तुती पेटी-टाळांपाशी थांबली नाही. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना तेथे आसरा मिळाला, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

याची दुसरी बाजूही आहे. गरिबाला पायदळी तुडवून गायिलेली गीते देवाला नकोशी होतात, असे आमोस संदेष्ट्याने ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात बजावले होते. इतिहासात अशी गीते गाणारे ख्रिस्तीही थोडे झाले नाहीत. म्हणून स्तुतीची पारख सुरांवरून होत नाही. स्तोत्र संपवून घरी परतलेला माणूस दारात उभ्या असलेल्याची ठेव परत करतो की नाही, एवढेच पाहावे. जो करतो, त्याचे गाणे अजून चालूच आहे, असे आम्ही समजतो.