मद्यपाशातून मुक्ती : ए.ए.ची सभा कशी शोधावी?

प्रत्येक धर्मग्रामात अशी काही घरे असतात, जेथे दिवेलागण झाली की मुले दाराकडे कान लावून बसतात. वडील कसे घरी येतील, याची ती धास्ती असते. कुटुंबीय अशा माणसाला धर्मगुरूंकडे घेऊन येतात. तो वेदीसमोर शपथ घेतो, काही आठवडे ती पाळतो आणि पुन्हा पितो. अशा शपथा आम्हीही अनेकांना दिल्या आहेत. मात्र शपथ मोडलेला माणूस लाजेपोटी चर्चपासून अधिकच दुरावतो, हे आम्हांला उशिरा उमगले. मद्यपाश हा केवळ दुबळ्या इच्छाशक्तीचा प्रश्न नसून तो आजार आहे. त्याला सोबतीची गरज असते. ही सोबत कोठे मिळते, याची माहिती वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

ए.ए. म्हणजे काय?

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अर्थात ए.ए. ही मद्यपाशात सापडलेल्या व त्यातून सावरणाऱ्या स्त्री-पुरुषांची बंधुसंगत आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात १९३५ साली बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या दोन मद्यपींच्या भेटीतून तिचा उगम झाला. १९३९ साली त्याच शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने डॉ. बॉब यांच्या साथीने मद्यपींना उपचारांसाठी दाखल करून घेण्यास प्रारंभ केला. त्या काळी अशा रुग्णांना रुग्णालये सहसा दारात उभे करीत नसत.

ए.ए. कोणत्याही धर्माशी वा पंथाशी जोडलेली नाही. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वराचा उल्लेख आहे, परंतु तो ज्याला जसा उमगला तसा. सभासदत्वासाठी मद्यपान थांबविण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. वर्गणी वा प्रवेश-फी नाही. सभेत थैली फिरते, तिच्यात ऐच्छिक दान टाकता येते.

सभा कशी शोधावी?

ए.ए.चे भारतातील सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्याच्या संकेतस्थळावरून आपल्या परिसरातील समूहांची चौकशी करता येते. अनेक समूह शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात जमतात. म्हणून धर्मग्राम कार्यालयातही विचारावे. सभा चर्चच्या आवारात भरली तरी ती चर्चची नसते आणि तेथे कोण आले याची नोंद धर्मगुरूंकडे जात नाही. आपल्याच गावात जाण्याचा संकोच वाटत असेल, तर दोन स्थानके पुढच्या समूहात जावे. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय साहाय्यवाणीही उपलब्ध आहे.

सभा दोन प्रकारच्या असतात. ‘बंद’ सभेत केवळ मद्यपाशाने पीडित व्यक्ती येतात. ‘खुल्या’ सभेला नातेवाईक व हितचिंतकही जाऊ शकतात. जाण्यापूर्वी ही चौकशी करावी.

पहिल्या सभेत काय घडते?

सभा साधारणतः एक ते दीड तास चालते. आरंभी मौन किंवा प्रार्थना होते. नंतर एकेक जण आपले पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव मांडतो. मध्ये कोणी टोकत नाही, उपदेश करीत नाही. नवागताने बोललेच पाहिजे असे नाही. मागच्या बाकावर बसून नुसते ऐकले तरी चालते. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा दंडक आहे. उद्याची शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस न पिता काढणे, एवढेच पाहिले जाते. एकाच सभेवरून मत बनवू नये. काही सभांना जाऊन पाहावे.

एक वैद्यकीय सूचना

अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास थरकाप, झटके वा भ्रम होऊ शकतो व प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निवासी उपचारांची गरज भासल्यास फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे आरंभलेले कृपा फाउंडेशन, किंवा पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण यांसारख्या संस्था आहेत. ए.ए. ही उपचारांची जागा घेत नाही. उपचारांनंतरच्या दीर्घ वाटेवर ती सोबत करते.

कुटुंबीयांसाठी

पती सभेला जाण्यास तयार नसला, तरी पत्नीने थांबून राहू नये. ‘अल-अ‍ॅनॉन’ हे कुटुंबीयांचे स्वतंत्र समूह आहेत. नवऱ्याची उधारी फेडणे, कामावर त्याच्यासाठी खोटी सबब कळविणे, बाटल्या लपविणे यांत थकून गेलेल्या भगिनींना तेथे समदुःखी भेटतात. घरात मारहाण होत असेल तर मात्र प्रथम सुरक्षित ठिकाणी जावे व पोलिसांचे साहाय्य घ्यावे.

धर्मग्रामाची जबाबदारी

बारा पायऱ्यांतील पाचवी पायरी आपल्या चुका परमेश्वरापुढे, स्वतःपुढे व दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करण्याची आहे. ती प्रायश्चित्त संस्काराची जागा घेत नाही, पण तिच्यासाठी कोणी धर्मगुरूंकडे आला तर त्याला सवड द्यावी. सावरणाऱ्या बांधवाने पवित्र कम्युनियनच्या वेळी द्राक्षारसात न बुडविलेली भाकर मागावी; एकाच रूपातही संपूर्ण ख्रिस्त लाभतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आणि लग्नघरी ‘एक पेग घेतल्याने काय होते?’ असा आग्रह त्याला कोणी करू नये. त्या एका पेगाने त्याची अनेक महिन्यांची धडपड वाया जाऊ शकते.

वाचकहो, आपल्या ओळखीत असे घर असेल तर त्याची चर्चा चावडीवर न करता जवळच्या सभेचा पत्ता तेथे गुपचूप पोहोचवावा. तो माणूस एकटा जायला कचरत असेल, तर दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे.