थ्रॉटल नियंत्रण, वळणातील (मोटारसायकल)

बंदिस्त ट्रॅकवर मोटारसायकल चालवताना वळणात रेस (थ्रॉटल) कधी, किती व कोणत्या गतीने द्यावी याचे तंत्र. वळणातील लाइन (गाडीचा मार्ग) व टायरची पकड ही बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतात.

इतिहास : विषयाची सूत्रबद्ध मांडणी अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी केली. त्यांनी १९८० मध्ये ‘कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल’ सुरू केले. ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये व त्याचा दुसरा खंड १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्त्व : वळणात एकदा उघडलेली रेस उरलेल्या वळणभर सलग, एकसारखी व हळुवार वाढवत न्यावी, हा कोड यांचा पहिला नियम. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असल्याने वळणात पुढे ४० व मागे ६० टक्के भार असावा असे ते मानतात. त्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या ०.१ ते ०.२ पट इतके सौम्य त्वरण पुरते. धास्तीने रेस एकदम सोडली की भार पुढच्या चाकावर येतो, पुढचे सस्पेन्शन दबते आणि गाडीचा तळ जमिनीच्या जवळ येतो. उलट, कललेल्या गाडीला एकदम जास्त रेस दिल्यास मागचे चाक घसरते.

रेस वाढवून वेग वाढला की लागणारा कलही वाढतो. ४० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ७२ किमी. वेगाला गणिताने सुमारे ४५ अंश कल लागतो. ताशी ८० किमी.ला तो ५१ अंशांवर जातो. टायरच्या रुंदीमुळे गाडीचा प्रत्यक्ष कल आणखी वाढतो. स्वाराने अंग वळणाच्या आतल्या बाजूला काढल्यास तो काहीसा कमी होतो.

सराव : स्कूलच्या पहिल्या पातळीत थ्रॉटल नियंत्रण, वळण सुरू करण्याची जागा ठरवणे, गाडी चटकन कलवणे, हँडलवरील ताण कमी करणे व नजर टप्प्याटप्प्याने पुढे नेणे असे पाच पाठ असतात. बाहेरच्या बाजूचा गुडघा टाकीला घट्ट टेकवला की शरीराचा भार हातांवर येत नाही. मूठ आवळून धरल्यास रस्त्याचा प्रत्येक दणका मनगटातून थ्रॉटलपर्यंत पोहोचतो व गाडी हिसके देते. बंद रेस उघडताना साखळीतील ढिलाई अलगद भरून निघेल इतपतच मूठ आधी फिरवावी.

मतभेद : वळणात शिरल्यावरही पुढचा ब्रेक हळूहळू सोडत नेण्याच्या पद्धतीला (ट्रेल ब्रेकिंग) किती महत्त्व द्यावे, याविषयी प्रशिक्षकांत एकमत नाही.

भारत : स्कूलचे वर्ग चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर भरले आहेत. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर (लांबी ५.१२५ किमी.) मोटोजीपी शर्यत २०२३ मध्ये झाली.

इलेक्ट्रॉनिक साहाय्य : ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकाची घसरण मर्यादित ठेवते.