कॅमेऱ्यातील धूळ व तेलाचे डाग : ओळख, उपाय आणि दक्षता

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की शहराची वेस ओलांडताना वाडी लागते. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचे हे गाव मालवाहतुकीचे मोठे केंद्र आहे. गोदामे, ट्रकच्या रांगा, गॅरेजेस आणि दिवसरात्र चालणारी वर्दळ ही त्याची ओळख. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की कोरड्या वाऱ्यासोबत इथली धूळ घराघरांत शिरते. ती खिडकीच्या गजांवर बसली तर फडक्याने पुसता येते. कॅमेऱ्याच्या पोटात शिरली, तर मात्र प्रश्न नाजूक होतो. लग्नसमारंभाची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करणारा व्यावसायिक असो वा ताडोबा-पेंचच्या जंगलात हौसेने जाणारा छायाचित्रकार, आकाशाच्या निळाईत उमटणारे काळपट ठिपके दोघांनाही सारखेच छळतात. हे ठिपके कशाचे असतात, ते कसे ओळखावेत आणि साफसफाईच्या नादात कॅमेराच निकामी होऊ नये यासाठी काय करावे, याची माहिती येथे देत आहोत.

धूळ नेमकी कोठे बसते?

फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा तुकडा समोर येत असे. त्यावर एखादा कण बसला तरी तो त्या तुकड्यासोबत पुढे सरके. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर एकच आणि तोच कायमचा. त्यावर बसलेला कण काढून टाकेपर्यंत प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी हजेरी लावतो. भिंग बदलण्याची सोय असलेल्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डीएसएलआर आणि मिररलेस प्रकारांत, हा त्रास प्रामुख्याने जाणवतो.

धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. सेन्सरच्या पुढे अवरक्त किरण गाळणाऱ्या फिल्टरचा आणि संरक्षक काचेचा पातळ थर असतो. कण या काचेवर बसतो आणि त्याची सावली मागच्या सेन्सरवर पडते. साफसफाई होते ती या काचेची. मात्र काचेवरचा लेप नाजूक असतो. त्यावर ओरखडा उठला, तर फिल्टर किंवा सेन्सरचा संपूर्ण संच बदलावा लागतो आणि तो खर्च साध्या सफाईच्या कितीतरी पट होतो.

काही छायाचित्रांतच डाग का दिसतात?

याचे उत्तर भिंगाच्या छिद्रात, म्हणजेच अ‍ॅपर्चरमध्ये आहे. समजा, काचेचा पृष्ठभाग सेन्सरपासून १ मिलिमीटर अंतरावर आहे आणि त्यावर ०.०५ मिलिमीटरचा कण बसला आहे. अ‍ॅपर्चर एफ/२.८ असताना प्रत्येक बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू काचेपाशी सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यातला जेमतेम २ टक्के प्रकाश कण अडवतो. डोळ्यांना काहीच जाणवत नाही. हेच अ‍ॅपर्चर एफ/२२ केले, तर शंकूची रुंदी ०.०४५ मिलिमीटरवर येते. आता कण शंकूहून मोठा ठरतो आणि त्याची सावली काळी व रेखीव पडते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर ही सावली एका दिशेने आठ-नऊ पिक्सेल व्यापते.

म्हणूनच जंगलात एफ/५.६ वर टिपलेल्या वाघाच्या छायाचित्रात डाग दिसत नाही आणि परतल्यावर अंबाझरी तलावाचे विस्तीर्ण दृश्य एफ/१६ वर घेतले की आकाशात ठिपके उमटतात. कॅमेरा आजच बिघडला असा समज होतो. प्रत्यक्षात धूळ उघड्या जिप्सीतच आत शिरलेली असते.

धूळ की तेल?

धुळीचा डाग सहसा वेडावाकडा असतो. कापडाचा तंतू असेल तर तो केसासारखा वळणदार दिसतो. तेलाचा थेंब बहुधा गोल असतो. त्याची कड गडद आणि मध्यभाग काहीसा उजळ दिसतो, किंवा भोवती फिकट वलय असते. शटर आणि आरशाच्या यंत्रणेला दिलेल्या वंगणाचे सूक्ष्म तुषार उडून हे थेंब काचेवर येतात. नव्या कॅमेऱ्यात पहिल्या काही हजार छायाचित्रांपर्यंत त्यांचे प्रमाण अधिक असू शकते. फुंकर यंत्राने धूळ हलते, तेल हलत नाही. ही सर्वांत सोपी कसोटी होय.

चाचणी कशी घ्यावी?

१. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून एफ/१६ किंवा एफ/२२ निवडावे. आयएसओ १०० ठेवावा.

२. पांढरी भिंत, कोरा कागद किंवा निरभ्र आकाश यांपैकी काहीही समोर घ्यावे. फोकस हाताने जाणीवपूर्वक बिघडवावा. प्रकाशमान एका स्टॉपने वाढवावे.

३. शटर उघडे असताना कॅमेरा किंचित हलवावा. भिंतीवरचे डाग त्यामुळे पुसट होतात. सेन्सरवरचे मात्र स्थिर राहतात.

४. छायाचित्र संगणकावर पूर्ण आकारात पाहावे. दुसरे भिंग लावून तीच चाचणी घ्यावी. डाग त्याच जागी राहिला, तर तो सेन्सरवरचा समजावा.

भिंग सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते. त्यामुळे कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले असता छायाचित्रातील वरचा डाग खालच्या बाजूस सापडतो; डावी-उजवी बाजू मात्र तीच राहते. केवळ व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा आणि छायाचित्रात न येणारा कण आरशावर वा फोकसिंग स्क्रीनवर असतो. त्याच्या मागे लागू नये.

सफाईच्या पायऱ्या

पहिली पायरी कॅमेऱ्यातच असते. ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात काच अतिजलद कंपनांनी झटकण्याची सोय आणली. कॅननने २००६ मध्ये ईओएस ४००डी मध्ये आणि निकॉनने २००७ मध्ये डी३०० मध्ये तशीच व्यवस्था दिली. आज ती बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत आढळते. कॅमेरा सपाट पृष्ठभागावर ठेवून मेनूतून ती तीन-चार वेळा चालवावी. कोरडी धूळ याने बरीचशी निघते, तेल निघत नाही.

दुसरी पायरी रबरी फुग्याच्या ब्लोअरची. बॅटरी पूर्ण भारित असावी, कारण मध्येच वीज संपली तर आरसा व शटर आतल्या साधनावर आदळू शकतात. मेनूतून सफाईची अवस्था निवडावी. बल्ब मोडवर शटर उघडे धरून सफाई करू नये. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे म्हणजे सुटलेले कण खाली पडतील. ब्लोअरचे टोक कड्याच्या आत नेऊ नये. तोंडाने फुंकर घालणे कटाक्षाने टाळावे, कारण लाळेचे तुषार काचेवर वाळतात. डब्यातील दाबयुक्त वायू वापरू नये. त्यातून द्रव बाहेर पडून काचेवर गोठतो. वाडीत पावलोपावली टायरमध्ये हवा भरणारे कॉम्प्रेसर आहेत. त्यांच्या हवेत तेल व पाणी दोन्ही असते. एका डागाच्या जागी शंभर डाग ओढवून घेण्याचा तो हमखास मार्ग आहे.

तिसरी पायरी ओल्या सफाईची. तेलावर हाच उपाय चालतो. तेलाचे डाग असताना कोरडा ब्रश फिरवल्यास ते काचभर पसरतात. ओल्या सफाईसाठी सेन्सरच्या उंचीएवढ्या रुंदीचे स्वॅब मिळतात: फुल फ्रेमसाठी २४ मिलिमीटर, एपीएस-सीसाठी साधारण १६ मिलिमीटर. स्वॅबच्या कडेवर द्रवाचे एक-दोन थेंब टाकून काही क्षण थांबावे. मग हलक्या दाबाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच ओढावे, स्वॅबची दुसरी बाजू वापरून परत यावे आणि तो फेकून द्यावा. ओल्या सफाईपूर्वी ब्लोअर वापरणे अनिवार्य आहे. अन्यथा वाळूचा कण स्वॅबखाली सापडून काचेवर चरा पडतो. हे द्रव बहुधा मिथेनॉलयुक्त, म्हणजे विषारी व ज्वालाग्राही असतात. खेळत्या हवेत आणि विस्तवापासून दूर काम करावे.

कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या, चष्म्याचे कापड, धोतराचा मऊ तुकडा, स्पिरिट वा अत्तर यांपैकी काहीही काचेला लावू नये. ज्या कॅमेऱ्यात हाताचा कंप शोषण्यासाठी सेन्सरच हलता ठेवलेला असतो, त्यात दाब अधिकच जपून द्यावा आणि निर्मात्याची पुस्तिका आधी वाचावी. हात स्थिर नसेल, तर ही पायरी अधिकृत सेवा केंद्रावर सोपवणे श्रेयस्कर. केंद्रात कॅमेरा देण्यापूर्वी आणि परत घेताना एफ/२२ वरचे चाचणी-छायाचित्र काढून ठेवावे.

संगणकावरील उपाय

काढलेल्या छायाचित्रांतील डाग हीलिंग ब्रशने सहज पुसता येतात. शेकडो छायाचित्रांत डाग एकाच जागी असेल, तर लाइटरूमसारख्या प्रणालीत एकदा केलेली दुरुस्ती सर्वांवर लागू करता येते. कॅनन व निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत कोऱ्या पृष्ठभागाचे संदर्भ-छायाचित्र घेऊन त्यांच्याच प्रणालीद्वारे डाग वजा करण्याची सोय आहे. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीच्या प्रतिमांवर अशीच प्रक्रिया करतात. समप्रकाशित पृष्ठभागाची प्रतिमा घेऊन ते धुळीच्या सावल्या गणिताने दूर सारतात. चलचित्रणात मात्र हे काम जिकिरीचे ठरते, कारण दृश्य हलते आणि डाग स्थिर राहतो. विदर्भाच्या प्रखर उन्हात एफ/१६ वर जाण्याऐवजी एनडी फिल्टर लावून एफ/५.६ ते एफ/८ च्या दरम्यान राहिल्यास डागही दिसत नाहीत आणि विवर्तनाने येणारा मऊपणाही टळतो.

या डागांचा एक अनपेक्षित उपयोगही आहे. एखादे छायाचित्र विशिष्ट डीएसएलआरनेच काढले काय, हे सेन्सरवरील धुळीच्या ठशावरून ओळखण्याची पद्धत संशोधकांनी २००८ मध्ये मांडली.

दोष निर्मात्याचा असेल तर?

सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आलेल्या निकॉन डी६०० चे प्रकरण या बाबतीत उद्बोधक आहे. २४ मेगापिक्सेलच्या या फुल फ्रेम कॅमेऱ्यात डाग, विशेषतः छायाचित्राच्या वरच्या डाव्या भागात, वारंवार साचत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये सफाईसंबंधी सूचना प्रसृत केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बदललेल्या शटरसह डी६१० आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, हमीची मुदत संपलेली असली तरी, डी६०० ची तपासणी, सफाई व शटर बदलणे विनामूल्य करण्याची घोषणा झाली. १५ मार्च २०१४ रोजी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा विषय मांडल्यानंतर तेथे त्याची विक्री थांबली. ग्राहकांनी पुरावे जपले आणि चिकाटी सोडली नाही, त्याचे हे फळ होते.

भारतातील ग्राहकासही मार्ग खुला आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. वाडीच्या रहिवाशाने त्यासाठी मुंबई वा दिल्ली गाठण्याची गरज नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. सफाईनंतर थोड्याच दिवसांत गोल डाग पुन्हा त्याच भागात येत असतील, तर तारीखवार चाचणी-छायाचित्रे, खरेदीचे बिल आणि सेवा केंद्राच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. धुळीचा डाग वापरातून येतो. वारंवार परतणारे तेल यंत्रणेतून येते. दाव्यात हा फरकच निर्णायक ठरतो. जुना कॅमेरा विकत घेतानाही एफ/२२ ची चाचणी जागेवरच घ्यावी.

दक्षता हाच उत्तम उपाय

भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा, त्याचे तोंड खाली धरावे आणि वाऱ्याकडे पाठ करावी. नवे भिंग मागचे झाकण सैल करून आधीच हाताशी ठेवावे. मोटारीत असल्यास पंखा बंद करावा. महामार्गाच्या कडेला, बांधकामापाशी किंवा मारबत-पोळ्याच्या मिरवणुकीच्या धुरळ्यात भिंग बदलण्यापेक्षा दोन कॅमेरे किंवा एकच झूम भिंग बाळगणे शहाणपणाचे. मिररलेस कॅमेऱ्यात आरशाचा आडोसा नसल्याने सेन्सर उघडा पडतो. कॅमेरा बंद होताच शटर मिटण्याची सोय काही कॅमेऱ्यांत आहे. ती सुरू ठेवावी. मात्र मिटलेल्या शटरची पाती सेन्सरच्या काचेहून नाजूक असतात. त्यांवर बोट वा जोराची हवा लागू देऊ नये. भिंगाची मागची झाकणे महिन्यातून एकदा पुसावीत आणि कॅमेऱ्याची पिशवी आतून झटकावी, कारण पुष्कळदा धूळ रस्त्यावरून नव्हे, तर पिशवीतूनच येते.

एफ/२२ वर एखाद-दुसरा डाग दिसला म्हणून लगेच स्वॅब हाती घेऊ नये. नेहमीच्या वापरात जो डाग दिसत नाही, तो काढण्याचा धोका पत्करण्यात लाभ नाही. लग्नसराईपूर्वी वा जंगलसहलीहून परतल्यावर मात्र चाचणी अवश्य घ्यावी. डाग कार्यापूर्वी आढळला तर ब्लोअरचे दोन-चार झोत पुरतात. तोच कार्यानंतर आढळला, तर रात्र संगणकासमोर जाते.