थर्मोकपल

थर्मोकपल अथवा तपयुग्म हा दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाला जोडून तयार केलेला तापमान संवेदक आहे. जोडाचे टोक आणि उपकरणाकडील टोक यांच्या तापमानात फरक असल्यास तारांच्या मोकळ्या टोकांदरम्यान अल्प विद्युतदाब निर्माण होतो व त्यावरून तापमान काढता येते. साधी रचना, कमी किंमत आणि मोठा तापमानपल्ला यांमुळे भट्ट्या, बॉयलर, वायू टर्बाइन, प्लास्टिकचे साचेकाम करणारी यंत्रे आणि गॅसची उपकरणे यांत थर्मोकपलचा व्यापक वापर होतो.

इतिहास

१८२१ मध्ये टोमास योहान सेबेक या शास्त्रज्ञाला असे आढळले की, दोन धातूंच्या बंद वलयाचा एक जोड तापवला असता जवळ ठेवलेली चुंबकसूची विचलित होते. सेबेकने हा परिणाम चुंबकीय मानला होता. प्रत्यक्षात वलयातून विद्युतप्रवाह वाहतो हे हान्स क्रिस्टियान अर्स्टेड यांनी स्पष्ट केले. या आविष्काराला ‘सेबेक परिणाम’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंरी ल शातलिए यांनी प्लॅटिनम व प्लॅटिनम-ऱ्होडियम यांचे थर्मोकपल वापरून उच्च तापमानाचे विश्वासार्ह मापन शक्य केले. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत ६३०.७४ ते १०६४.४३ अंश सेल्सिअस या पट्ट्यासाठी अशाच थर्मोकपलला प्रमाण उपकरणाचा दर्जा होता. १९९० च्या श्रेणीत ते स्थान प्लॅटिनम रोध तापमापकाला मिळाले.

कार्यतत्त्व

विद्युतदाब तारांच्या जोडात निर्माण होतो, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो बरोबर नाही. तारेच्या ज्या भागात तापमान बदलत जाते, त्या भागात विद्युतदाब उत्पन्न होतो. दोन्ही तारांचे गुणधर्म भिन्न असल्याने त्यांतील विद्युतदाबांचा फरक टोकांवर शिल्लक राहतो. जोडाचे काम केवळ दोन तारांना विद्युतदृष्ट्या एकत्र आणण्याचे असते. म्हणूनच भट्टीच्या भिंतीतून जाणारा तारेचा भाग दूषित झाल्यास, जोड सुस्थितीत असूनही वाचन चुकते.

प्रकार

थर्मोकपलचे प्रकार आंतरराष्ट्रीय मानकांत इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात.

- के : क्रोमेल व अॅल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंचा, दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. उद्योगांत सर्वाधिक प्रचलित.
- जे : लोखंड व कॉन्स्टंटन. दमट हवेत लोखंडी तार गंजते.
- टी : तांबे व कॉन्स्टंटन. शीतगृहे व अतिशीत तापमानासाठी उपयुक्त.
- एन : नायक्रोसिल व नायसिल. ‘के’ प्रकारापेक्षा उच्च तापमानात अधिक स्थिर.
- एस, आर, बी : प्लॅटिनम व ऱ्होडियम यांचे. महाग, परंतु काच व पोलाद उद्योगांतील अत्युच्च तापमानासाठी योग्य.

शीत टोकाची भरपाई

थर्मोकपल तापमान नव्हे, तर दोन टोकांच्या तापमानांतील फरक दर्शवते. मानक तक्ते शीत टोक ० अंशावर आहे असे गृहीत धरतात. उदाहरणार्थ, ‘के’ प्रकारात ८०० अंशांना ३३.२७५ मिलिव्होल्ट आणि ३० अंशांना १.२०३ मिलिव्होल्ट विद्युतदाब मिळतो. भट्टी ८०० अंशांवर व उपकरण ३० अंशांवर असल्यास उपकरणाला केवळ ३२.०७२ मिलिव्होल्ट मिळतात. भरपाई न केल्यास वाचन सुमारे ३० अंशांनी कमी येते. पूर्वी शीत टोक वितळत्या बर्फात ठेवत असत. आधुनिक उपकरणांत जोडपट्टीजवळ दुसरा संवेदक बसवून ही बेरीज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केली जाते.

मापन व नियंत्रण

थर्मोकपलचा क्षीण संकेत प्रवर्धकाने वाढवला जातो, गाळणीने त्यातील विद्युत गोंगाट कमी केला जातो आणि नंतर त्याचे अंकीय रूपांतर होते. नियंत्रक हे तापमान इष्ट तापमानाशी ताडून पाहतो व फरकानुसार हीटरची वीज किंवा इंधनाची झडप कमी-अधिक करतो. लांब अंतरासाठी संकेताचे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहात रूपांतर करतात. शून्याऐवजी ४ मिलिअँपिअर किमान मूल्य ठेवल्यामुळे तार तुटल्याचे लगेच कळते.

दोष व सुरक्षितता

नियंत्रण यंत्रणेत संवेदकाचे कमी वाचन अधिक वाचनापेक्षा धोकादायक ठरते, कारण नियंत्रक भट्टीला आणखी उष्णता देत राहतो. थर्मोकपल तुटल्यास वाचन मुद्दाम कमाल मूल्याकडे नेऊन हीटर बंद करण्याची सोय बहुतेक नियंत्रकांत असते. मात्र तारा मधेच एकमेकींना चिकटल्यास तेथे नवा जोड तयार होतो आणि उपकरण त्या ठिकाणचे, कमी तापमान दाखवते. हा दोष वरील सोयीने ओळखता येत नाही. त्यामुळे मोठ्या भट्ट्यांत स्वतंत्र थर्मोकपल असलेला कमाल तापमान मर्यादक वेगळा बसवतात.

ऑक्सिजनचे प्रमाण कमी असलेल्या वातावरणात ‘के’ प्रकारातील क्रोमेलमधील क्रोमियमचे ऑक्सिडीभवन होऊन वाचन हळूहळू घटते. तारांच्या रंगांमुळेही चुका होतात. अमेरिकी मानकात लाल तार ऋण असते, तर सामान्य विद्युत जोडणीत लाल रंग धन मानला जातो. तारा उलट जोडल्यास भट्टी तापत असताना वाचन उतरत जाते.

गॅसच्या उपकरणांत थर्मोकपल स्वतःच सुरक्षा यंत्रणेचे काम करते. ज्योतीत तापलेल्या थर्मोकपलचा विद्युतप्रवाह विद्युतचुंबकामार्फत झडप उघडी धरतो. ज्योत विझल्यावर थर्मोकपल थंड होते, विद्युतचुंबक झडप सोडतो आणि स्प्रिंगच्या जोरावर गॅस बंद होतो. या यंत्रणेला बाहेरील विजेची गरज नसते.